रिकामं, शून्य आणि नाहीच: एका ‘इफ’ची गोष्ट

या वेळचा लेख कोडच्या एका ओळीवर आहे. ओळ माझीच, आणि चुकलेली. तिच्यामुळे माझ्या प्रबंधातला एक निष्कर्ष जवळजवळ उलटा गेला असता, म्हणून तिचा इतिहास शोधत बसले. इतिहास निघाला लांबलचक. त्यात गोव्यात जन्मलेला एक गणितीही सापडला, जो आपल्याला इतिहासकार म्हणूनच माहीत असतो.

आधी ती ओळ. (कोड इथे देवनागरीत, आपण मोठ्याने वाचतो तसा लिहिते आहे.) माझ्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांच्या रोजच्या नोंदी होत्या. सकाळी साडेआठला मोजलेला मागच्या चोवीस तासांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. काही दिवशी नोंदच नाही, तिथे पायथनमध्ये ‘नन’ येतो, म्हणजे ‘इथे काही नाही’. सरासरी काढायच्या आधी हे कोरे दिवस काढून टाकायचे होते. मी लिहिलं: ‘पाऊस फॉर पाऊस इन नोंदी इफ पाऊस’. वाचायला किती छान! नोंदींमधला प्रत्येक पाऊस घे, जर पाऊस असेल तर.

घोटाळा त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. पायथनला ‘नन’ खोटा वाटतो हे बरोबर, पण शून्यही खोटाच वाटतो. म्हणजे ज्या दिवशी केंद्रावरचा माणूस गेला, मापकात बघितलं, पाऊस नव्हता आणि त्याने प्रामाणिकपणे ० लिहिलं, तो दिवसही माझ्या ओळीने फेकून दिला.

आकड्यांत बघा. समजा जूनचे ३० दिवस आहेत. १२ दिवस पाऊस पडला, एकूण २४० मिमी. १५ दिवस कोरडे. ३ दिवस नोंद नाही. नोंद असलेल्या २७ दिवसांची सरासरी येते सुमारे ८.९. माझ्या ओळीने काढली २४० भागिले १२, म्हणजे २०. आणि एखाद्याने कोऱ्या दिवसांना शून्य धरलं तर येईल ८. डेटा एकच, उत्तरं तीन, आणि तिन्ही वेळा प्रोग्रॅम काही कुरकुर न करता चालतो.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. गगनबावड्याला जुलैत कोरडा दिवस शोधावा लागतो, त्यामुळे शून्यं गाळली काय न गाळली काय, सरासरी जेमतेम हलते. शिरोळकडे कोरडे दिवस भरपूर, तिथली सरासरी फुगते. म्हणजे माझ्या चुकीचं माप सगळीकडे सारखं नव्हतं. घाटमाथा आणि पूर्वेकडचे तालुके यांच्यातला फरक ती नेमका कमी करत होती, आणि माझा प्रबंध त्या फरकावरच उभा आहे. गाइडनी तक्ता बघून एवढंच विचारलं, ‘शिरोळला जूनमध्ये एकही कोरडा दिवस नाही?’ मी ‘बघते सर’ म्हटलं आणि खोलीवर येईपर्यंत माझ्या पोटात गोळा होता.

राजारामपुरीत खोली करून राहणाऱ्यांना यातला फरक समजावून सांगायला नको. दुपारी एक वाजता दाराबाहेर बघायचं. डबा आलेलाच नाही, ही एक अवस्था. डबा आहे पण उघडल्यावर आत काही नाही, ही दुसरी. डब्यात भाजी-आमटी सगळं आहे, फक्त चपातीच्या कप्प्यात आज शून्य चपात्या, ही तिसरी. मेसवाल्या मावशींना फोन करून आपण तिन्ही वेळा वेगळं बोलतो. ‘मावशी, जेवण नाही’ एवढंच म्हटलं तर त्या विचारतील, ‘म्हणजे डबा पोचला नाही काय?’ कोडमध्ये असं उलट विचारणारं कोणी नसतं.

गंमत म्हणजे आपल्या भाषेतही हा गुंता आहे. संस्कृतात ‘शून्य’ म्हणजे रिकामं, ओसाड, आणि तोच शब्द आकड्यालाही. स्थानमूल्याच्या पद्धतीत दहाच्या घरात काही नसेल तर ते रिकामं घर दाखवायला खूण लागते. ती खूण हळूहळू स्वतःच संख्या झाली. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसे करायचे याचे नियम दिले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (१२ वं शतक) शून्याच्या आठ क्रियांचं वेगळं प्रकरणच आहे, आणि शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असं वेगळं नाव आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. म्हणजे ‘शून्य ही संख्या आहे, तिच्याशी हिशोब करता येतो’ हे इथे जुनं आहे. पण ‘काहीही नसलेला समूह हीसुद्धा एक वस्तू आहे’ ही कल्पना वेगळी, आणि ती बरीच अलीकडची.

नववीच्या गणिताच्या पुस्तकातला पहिलाच धडा आठवा: संच. तिथे ‘शून्य संच’ असं न म्हणता ‘रिक्त संच’ म्हटलं आहे. मला हे भाषांतर फार आवडतं. शून्य हा एक घटक असू शकतो. ज्या संचात फक्त शून्य आहे तो रिक्त नाही, त्यात एक घटक आहे. माझी चूक नववीच्या पहिल्या धड्यातली होती, हे कबूल करायला एम.एस्सी. झालेल्या माणसाला जड जातं, पण होती.

मोठ्या गणितज्ञांनाही हे सहज पचलेलं नाही म्हणून थोडं बरं वाटतं. १८८८ साली डेडेकिंडने संख्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत समूहांचा पाया घातला, तेव्हा रिकामा समूह काही कारणांसाठी बाहेर ठेवत असल्याचं सांगून टाकलं. १९०८ मध्ये झर्मेलोने संच सिद्धांताची स्वयंसिद्ध तत्त्वं मांडली, त्यात रिक्त संच आहे हे मान्य केलं, पण ‘खराखुरा नाही’ अशा अर्थाचं विशेषण जोडून. जणू पाहुण्याला घरात तर घ्यायचं पण पाटावर बसवायचं नाही.

तिरकी रेघ मारलेला गोल, हे रिक्त संचाचं चिन्ह आपण सगळे ‘फाय’ म्हणून शिकलो. ते ग्रीक फाय नाही. नॉर्वेजियन लिपीत तसं एक अक्षर आहे, तिथून ते घेतलं फ्रेंच गणिती आंद्रे वेय याने. निकोला बूर्बाकी या टोपणनावाने फ्रेंच गणितज्ञांचा एक गट लिहायचा, त्यांच्या संच सिद्धांतावरच्या १९३९ च्या पुस्तिकेत ते छापलं गेलं. वेयने आठवणींत सांगितलंय की त्या गटात नॉर्वेजियन लिपी माहीत असलेला तो एकटाच होता.

आता आपला माणूस. हाच वेय १९३० ते १९३२ अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता, वयाच्या विशीत. त्याने तिथे बोलावलेल्या तरुण गणितज्ञांमध्ये होते दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातल्या कोसबेनचा, १९०७ चा. वडील धर्मानंद म्हणजे पाली आणि बौद्ध साहित्याचे ते प्रसिद्ध अभ्यासक. नेट-सेटवाल्यांना डी. डी. कोसंबी माहीत असतात ते १९५६ च्या भारतीय इतिहासावरच्या पुस्तकामुळे, पण हार्वर्डहून आलेला हा माणूस पेशाने गणिती होता. अलीगढनंतर पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवलं, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. तिथे १९६२ पर्यंत होते.

अलीगढला असताना कोसंबींचा एका सहकाऱ्याशी काही वाद झाला. वेयने सुचवलं की एक गंभीर तोंडाचा विनोदी लेख लिही, आणि त्यातलं प्रमेय बूर्बाकीच्या नावावर टाक. पॅरिसला विद्यार्थ्यांनी काही वर्षांपूर्वी एका खोट्या व्याख्यानात ‘बूर्बाकीचं प्रमेय’ असं नाव वापरलं होतं, तो विनोद वेयच्या डोक्यात होता. कोसंबींनी लिहिला. १९३१ साली, संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या बुलेटिनमध्ये, ‘बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापक रूप’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली. त्यात बूर्बाकी हा क्रांतीत विषप्रयोगाने मेलेला कुणी रशियन आहे अशी थाप होती. फ्रान्समधला गट जमला त्यानंतर तीन-चार वर्षांनी. गणिताच्या शोधनियतकालिकात बूर्बाकी हे नाव पहिल्यांदा आलं ते असं, एका गोवेकराच्या लेखणीतून, आणि तेव्हा त्या नावामागे माणूसच नव्हता. नाव आहे आणि त्याखाली काही नाही! पुढे त्याच नावाच्या पुस्तिकेत रिक्त संचाला चिन्ह मिळालं. हा निव्वळ योगायोग, यातून काही सिद्ध होत नाही. पण संशोधन करताना असं काही हाती लागलं की दिवस चांगला जातो.

गणितात रिक्त संचाला चिन्ह मिळाल्यावर वीसेक वर्षांत तोच प्रश्न यंत्रात आला. जॉन मॅकार्थीने १९५८ च्या सुमारास एमआयटीत लिस्प भाषा रचली, १९६० मध्ये तिच्यावरचा मूळ लेख आला. लिस्पमध्ये सगळं याद्यांत चालतं. यादी संपली हे सांगायला ‘निल’. यादी रिकामी आहे का हे तपासायला त्या लेखात एक फंक्शन दिलं आहे, नाव ‘नल’. आयबीएम ७०४ यंत्रावर निलसाठी ० हा पत्ता वापरला, आणि ‘असत्य’साठीही तेच. रिकामी यादी, असत्य आणि शून्य पत्ता, तिघांची एकच गादी. कोड आटोपशीर झाला, पण मॅकार्थीनेच १९७८ मध्ये लिस्पचा इतिहास लिहिताना कबूल केलं की शून्य पत्त्याला असा खास अर्थ दिल्याने नंतरच्या प्रत्येक आवृत्तीत अडचणी आल्या. लिस्पचीच लेक असलेल्या स्कीममध्ये पुढे रिकामी यादी आणि असत्य यांची वाटणी करून दिली गेली.

माझी ओळ म्हणजे त्या एका गादीची पणती. पायथनमध्ये ‘नन’, शून्य, रिकामी यादी, रिकामा मजकूर हे सगळे ‘इफ’समोर सारखेच खोटे. हे ज्या सोयीसाठी केलं, ती सोय साठ वर्षं जुनी आहे.

दुसरा धागा टोनी होअरचा. १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी त्याने ‘नल’ संदर्भ घातला, म्हणजे कुठल्याच वस्तूकडे न दाखवणारा बाण. कारण काय, तर करायला अगदी सोपं होतं, मोह आवरला नाही. २००९ च्या लंडनमधल्या भाषणात त्याने याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. लक्षात घ्या, मॅकार्थीचा ‘नल’ विचारतो, ‘यादी रिकामी आहे का?’ होअरचा ‘नल’ सांगतो, ‘यादीच नाही.’ आजही हास्केल या भाषेत ‘नल’ म्हणजे रिकामं आहे का, आणि जावात ‘नल’ म्हणजे वस्तूच नाही. दोन भाषा शिकणाऱ्याने डोकं धरावं ते इथे.

जावात म्हणूनच सगळीकडे जोडओळ दिसते: यादी नल नाही ना, आणि मग यादी रिकामी नाही ना. पहिला प्रश्न विसरला तर दुसरा विचारतानाच प्रोग्रॅम कोसळतो. त्यावर जोशुआ ब्लॉकने २००१ च्या आपल्या जावावरच्या पुस्तकात साधा तोडगा सांगितला: काही सापडलं नाही तर नल परत देऊ नका, रिकामी सारणी द्या. म्हणजे डबा रोज पाठवा, आत काही असो वा नसो.

आता ‘रिकामं आहे का’ हे विचारायच्या पद्धती. सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे मोजा आणि शून्याशी तुलना करा. वाचणाऱ्याला लगेच कळतं. पण मोजणं फुकट नसतं. सीमध्ये मजकुराच्या शेवटी एक शून्य बाइट असतो. लांबी काढायची तर त्या बाइटपर्यंत चालत जावं लागतं. मजकूर रिकामा आहे का एवढंच हवं असेल तर पहिलं अक्षर बघून काम होतं. महाद्वार रोडवरच्या दुकानात गर्दी आहे का हे बघायला आपण माणसं मोजत नाही, दारातून डोकावतो.

सी प्लस प्लसमध्ये यावरून खराखुरा वाद झाला. तिथल्या ‘लिस्ट’ या रचनेत एका यादीचा तुकडा कापून दुसरीत झटक्यात जोडता येतो. पण लांबी कायम लक्षात ठेवायची म्हटली तर जोडलेल्या तुकड्यात किती घटक आहेत ते मोजावं लागणार, मग झटका गेला. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून बरीच वर्षं काही आवृत्त्यांत ‘साइज’ विचारलं की अख्खी यादी चालून मोजली जायची, आणि ‘एम्प्टी’ मात्र क्षणात उत्तर द्यायचं. स्कॉट मेयर्सच्या २००१ च्या पुस्तकात चौथाच सल्ला हा आहे: साइज शून्य आहे का बघू नका, एम्प्टी विचारा. २०११ च्या मानकाने साइजही झटपट असलीच पाहिजे असं बंधन घातलं, तेव्हा वेगाचं कारण संपलं. सल्ला मात्र टिकला, कारण ‘एम्प्टी’ वाचताना काय विचारलंय ते कळतं.

कळतं म्हणजे किती, तेही बघा. इंग्रजीत हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियापदही. लोक ‘यादी रिकामी कर’ समजून ती ओळ लिहायचे, ती बिचारी फक्त हो-नाही सांगायची आणि यादी भरलेलीच राहायची. २०२० च्या मानकात शेवटी असं केलं की या उत्तराकडे दुर्लक्ष केलं तर कंपायलर इशारा देतो. रूबीने नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून, तर जावाने ‘इझ’ लावून हा प्रश्न आधीच सोडवला होता. मराठीत आपण ‘रिकामा’ आणि ‘रिकामा कर’ यांत कधी गोंधळत नाही, पण मराठीत प्रोग्रॅमिंग कोण करतंय.

पायथनवर येते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचं संशोधन त्यातच होणार. पायथनच्या लेखनशैलीचा नियमसंग्रह, पेप ८, २००१ पासून आहे. तो सांगतो की यादी, मजकूर वगैरे रिकामे आहेत का हे बघायला लांबी मोजू नका, रिकामं असणं म्हणजेच खोटं असणं, ते वापरा. म्हणजे ‘इफ नॉट नोंदी’. सरावलेल्या माणसाला हे वाचायला सुखाचं आहे. पण ‘इफ नॉट नोंदी’ वाचून ‘नोंदी’ ही यादी आहे, संख्या आहे की ‘नन’ असू शकतो, हे ओळ सांगत नाही. ‘लेन नोंदी बरोबर शून्य’ ही ओळ दिसायला थोडी बोजड, पण ती सांगते की माझ्या हातात मोजता येणारी काहीतरी गोष्ट आहे. आणि ‘नन’ आला तर ती तिथेच मोडते, पुढे जात नाही. माझं मत इथे पेप ८ शी जुळत नाही. ज्या कोडमध्ये डेटा दुसऱ्याकडून येतो, तिथे मोडणारी ओळ मला सुखाच्या ओळीपेक्षा बरी वाटते.

पायथनवाल्यांनाही या सोयीची किंमत मोजावी लागली. त्यात वेळ दाखवणारी एक वस्तू असते, आणि मध्यरात्रीची वेळ ‘इफ’समोर खोटी ठरायची, कारण मिनिटांत रूपांतर केलं की शून्य. ‘वेळ दिली आहे का?’ असं विचारणारा कोड मध्यरात्री म्हणायचा, दिलेली नाही. शिवाय वेळेला कालविभाग जोडलेला असेल तर आधी जागतिक वेळेपासूनचा फरक वजा व्हायचा. म्हणजे भारतीय प्रमाणवेळेत खोटी वेळ कुठली, तर पहाटे साडेपाच! २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत हे काढून टाकलं. सकाळी साडेआठच्या पावसाच्या नोंदी यातून सुटल्या, तेवढंच नशीब.

नमपायने तर हळूहळू उत्तर द्यायलाच नकार दिला. अनेक घटकांची सारणी ‘इफ’ला दिली तर ती त्रुटी देते: कशाबद्दल विचारताय, एखादा घटक की सगळे? एकाच घटकाची सारणी असेल तर मात्र त्या घटकाची किंमत बघते, म्हणजे फक्त ० असलेली सारणी खोटी. माझीच चूक, नव्या वेषात. रिकाम्या सारणीला आधी मुकाट्याने खोटं मानलं जायचं, २०१८ च्या १.१४ आवृत्तीपासून इशारा आला, आणि २०२४ च्या अखेरच्या २.२ पासून तीही त्रुटी झाली. आता साइज विचारा, असं ते सांगतात. पांडाजमध्ये ‘डॉट एम्प्टी’ आहे, पण तक्त्यात ओळी असून सगळ्या चौकटींत ‘नॅन’, म्हणजे नोंद नाही, असेल तर तो तक्ता रिकामा धरला जात नाही. हे त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

आणि ‘नॅन’ची आणखी एक खोड. पायथनमध्ये तो ‘इफ’समोर खरा असतो. हवामान खात्याच्या जाळीबद्ध पावसाच्या डेटात नसलेल्या जागी -९९९ असतो, तोही खराच. म्हणजे ‘इफ पाऊस’ ही माझी ओळ तिथे लावली असती तर तिने खरी मोजलेली शून्यं काढली असती आणि न मोजलेले नॅन आणि -९९९ ठेवले असते. हवं त्याच्या बरोबर उलट. तिथे निदान सरासरी उणे आली असती आणि मी लगेच पकडलं असतं. ‘नन’ असल्यामुळे चूक शहाण्यासारखी दिसत राहिली.

आता एक गोष्ट जी तर्कशास्त्र शिकलेल्यांना माहीत असते, पण प्रयोगशाळेत विसरली जाते. रिकाम्या यादीला विचारा, ‘तुझे सगळे घटक चाचणीत पास आहेत का?’ पायथनचं ‘ऑल’ उत्तर देतं, हो. तर्काने बरोबर आहे: नापास झालेला एक तरी दाखवा, तो नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत ‘सगळे अ हे ब आहेत’ म्हटलं की निदान एक अ तरी आहे असं गृहीत असायचं. रिकाम्या वर्गांनाही मान्यता देणाऱ्या आधुनिक तर्कशास्त्राने ते गृहीत सोडलं आणि आपल्या भाषांनी तेच उचललं. पण तुमच्या कोडमध्ये ‘सगळ्या नोंदी वैध आहेत का’ अशी तपासणी असेल, आणि फाइलच्या नावातल्या चुकीने यादी रिकामी आली असेल, तर तपासणी पास होते. हिरवी खूण येते. आत काहीच नसतं.

बेरजेचंही तसंच. रिकाम्या यादीची बेरीज शून्य, हे गणिताने योग्य आहे. पांडाजमध्ये यावर मागेपुढे झालं. सगळे नॅन असलेल्या रकान्याची बेरीज नॅन की शून्य? २०१७ च्या अखेरीस ०.२२ आवृत्तीत शून्य ठरलं, आणि किमान किती खऱ्या नोंदी असल्या तरच बेरीज द्यायची हे सांगायला ‘मिन काउंट’ दिला. तो न देता महिन्याची बेरीज केली, तर ज्या केंद्राचा महिनाभर काहीच डेटा नाही तिथे पाऊस ० मिमी दिसेल. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वाहत असताना जवळच्या केंद्रावर ऑगस्टचा पाऊस शून्य असा तक्ता छापला गेला, तर वाचणारा हसेल तरी. जानेवारीत तेच झालं तर कुणाला शंकाही येणार नाही.

माझा कोड आता असा आहे. यादी आली की पहिली ओळ: नोंदी ‘इझ नन’ आहेत का, असतील तर फाइलच वाचली गेली नाही, थांब. दुसरी: लेन नोंदी बरोबर शून्य, तर केंद्राचं नाव वेगळ्या यादीत टाक. तिसरी: पाऊस फॉर पाऊस इन नोंदी इफ पाऊस ‘इझ नॉट नन’. तीन शब्द जास्त लागले. त्याखाली कोरडे दिवस किती, कोरे दिवस किती, हे दोन आकडे छापते, वेगवेगळे. प्रत्येक केंद्रासाठी कोरडे अधिक कोरे अधिक पावसाचे दिवस ही बेरीज महिन्याच्या दिवसांएवढी येते का तेही बघते. माझी ज्युनिअर परवा म्हणाली, ताई, एवढं कशाला, ‘इफ नोंदी’ लिहा की. तिला मी शिरोळचा जुना तक्ता दाखवला.

नवा तक्ता गाइडना पाठवला. शिरोळचा आकडा बराच खाली आला, गगनबावड्याचा जवळजवळ होता तिथेच राहिला, दोन्हींतलं अंतर वाढलं. एका केंद्राचा अख्खा ऑगस्ट कोरा निघाला, आधीच्या तक्त्यात तिथे ० होतं. ते केंद्र ठेवायचं की गाळायचं, यावर सोमवारी बोलायचं आहे.